फ्लॉपी ड्राइव्ह कोणता घ्यावा? ‘उघडली की झालं’ या सल्ल्याची चिकित्सा



१९९०च्या दशकातल्या महाराष्ट्रावर काम करायचं ठरवलंत, तर आज ना उद्या तुमच्यासमोर फ्लॉपींचा डबा येणार आहे. विषय कुठलाही असू द्या. सावनेरसारख्या तालुक्याच्या गावाचाच विचार करा. कोळसा आणि मँगनीजच्या खाणी, कापूस, संत्री, सहकारी पतसंस्था, शाळांच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं, बसस्टँडजवळच्या डीटीपी सेंटरमध्ये टाइप झालेल्या लग्नपत्रिका आणि कवितासंग्रह. त्या दहा-पंधरा वर्षांत हे सगळं कागदावर येण्याआधी कुठल्या ना कुठल्या फ्लॉपीवर होतं. छापलेला कागद पुष्कळदा रद्दीत गेला. फ्लॉपी मात्र माळ्यावर राहिली, कारण ती रद्दीवाला घेत नाही.

मग तुम्ही कुणाला तरी विचारता, ‘हे वाचायचं कसं?’ आणि उत्तर येतं, ‘सोपं आहे. ऑनलाइन यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. लाव, फाइली कॉपी कर. उघडली की झालं.’

आजचा लेख या सल्ल्याबद्दल आहे. सल्ला देणारा चांगल्या मनाचा असतो, आणि सल्ला पूर्ण खोटाही नाही. पण संशोधकासाठी तो अपुरा आहे, आणि काही वेळा घातक आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे नुसता खोका नाही, ते तुमचं वाचनाचं साधन आहे. त्या साधनाला जे दिसत नाही, ते तुमच्या प्रबंधात येणार नाही. आणि एखादी खराब होत आलेली डिस्क एकदाच वाचली जाणार असेल, तर ते एकमेव वाचन कशाने करायचं हा निर्णय तुमच्या संशोधनपद्धतीचा भाग आहे. तो खरेदीच्या यादीत ढकलून चालत नाही.

कागद आणि फ्लॉपी यांतला फरक

सावनेरचं नाव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला एका कारणाने ठाऊक असतं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी इथे वारले. त्यांचं ‘राजसंन्यास’ अपूर्ण राहिलं, आणि ते अपूर्ण रूपातच त्यांच्या मागे छापलं गेलं. हे शक्य झालं, कारण मागे राहिले ते कागद होते. कागद पिवळा पडला, कोपरा कुरतडला गेला, तरी उरलेलं डोळ्यांनी वाचता येतं. काय गेलं आहे तेही दिसतं.

फ्लॉपीचं तसं नाही. प्लास्टिकच्या पातळ चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो, आणि त्या थरातल्या चुंबकीय दिशा कुठे उलटतात यात सगळी माहिती साठवलेली असते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणजे तुमच्यात आणि साधनसामग्रीत ड्राइव्ह कायम उभा आहे. ‘यात काही नाही हो’ हे वाक्य फ्लॉपीबद्दल कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ एवढाच असतो की ‘माझ्या ड्राइव्हला यात काही सापडलं नाही.’

साडेतीन इंची १.४४ एमबीची फ्लॉपी घ्या. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. प्रत्येक सेक्टरसोबत एक तपासणी-संख्या लिहिलेली असते. ड्राइव्हचा कंट्रोलर सेक्टर वाचतो, ती संख्या पुन्हा काढतो, जुळली तर बाइट तुमच्या हवाली करतो, नाही जुळली तर ‘त्रुटी’ म्हणतो. इथपर्यंत लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद याच जागी आहे.

यूएसबी ड्राइव्हची बाजू

आधी त्याच्या बाजूने बोलू. तो स्वस्त आहे, कुठल्याही लॅपटॉपला चालतो, वेगळी वीज लागत नाही. तुमच्याकडच्या फ्लॉपी साडेतीन इंची, डॉस किंवा विंडोजवर भरलेल्या आणि धडधाकट असतील, तर तो आपलं काम चोख करतो. तपासणी-संख्या जुळली म्हणजे मिळालेले बाइट जवळपास नक्कीच बरोबर आहेत, मग ड्राइव्ह पाचशेचा असो की पाच हजारांचा.

आता त्याच्या मर्यादा. यूएसबी ड्राइव्हच्या आत कंट्रोलर बंद करून ठेवलेला असतो. संगणक फक्त ‘अमुक नंबरचा सेक्टर दे’ एवढंच म्हणू शकतो. उत्तर दोनच: बाइट किंवा त्रुटी. त्रुटी का आली, सिग्नल अगदीच नव्हता की थोडा डळमळीत होता, हे विचारायची सोयच नाही. सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात जातच नाही. अ‍ॅपल मॅकिंटॉशच्या जुन्या ४०० आणि ८०० केबी डिस्क तो वाचू शकत नाही, कारण त्यांची लिहिण्याची पद्धतच निराळी होती. तुमचा विषय छपाई किंवा जाहिरात व्यवसाय असेल तर हे ध्यानात असू द्या, कारण त्या धंद्यात मॅक होते.

आणखी एक बारीक अडचण. साडेतीन इंची फ्लॉपीला एका कोपऱ्यात लिहिण्यापासून बचावाची खिडकी असते. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक असतं. त्या भोकावरून ड्राइव्ह ओळखतो की ही जास्त क्षमतेची आहे. पण काही जुने ड्राइव्ह हे भोक बघतच नसत. त्यामुळे जास्त क्षमतेच्या फ्लॉपीवर ७२० केबीचं फॉरमॅट केलेलं सापडतं. उलटही झालं: ७२० केबीच्या स्वस्त फ्लॉपीला भोक पाडून लोकांनी त्या १.४४च्या म्हणून वापरल्या. काटकसर होती ती. आजचा यूएसबी ड्राइव्ह भोक बघून ठरवतो, चुकीच्या घनतेने वाचायला जातो आणि अख्खी फ्लॉपी ‘खराब’ ठरवतो. पहिल्या प्रकारात त्या भोकावर चिकटपट्टी लावली की ती वाचली जाण्याची शक्यता असते.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र ड्राइव्हची नाही, त्याच्या मागच्या संगणकाची आहे. न ओळखलेली डिस्क घातली की विंडोज विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का?’ घाईत बोट चुकलं की तीस वर्षांचं साहित्य गेलं. जुन्या विंडोज ९५ आणि ९८ ची तर आणखी एक सवय होती. बचावाची खिडकी उघडी नसेल, तर ते नुसती फ्लॉपी घातल्यावर तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये स्वतःची एक ओळखखूण लिहून ठेवत. ‘जुन्या डिस्कसाठी जुना संगणकच बरा’ हा सल्ला म्हणूनच जपून घ्या.

म्हणून पहिला नियम, ड्राइव्ह कुठलाही असो: आधी लिहिण्याचा बचाव. साडेतीन इंचीत खिडकी उघडी म्हणजे बचाव आहे. सव्वापाच इंचीत कडेची खाच झाकलेली म्हणजे बचाव आहे. दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. गोंधळ इथेच होतो.

कॉपी आणि प्रतिमा

‘फाइली कॉपी कर’ हा सल्ल्याचा दुसरा भाग. फाइल कॉपी केली की तुम्हाला फाइल मिळते. फ्लॉपी मिळत नाही.

डॉसच्या पद्धतीत फाइल पुसली, तर यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणजे एखाद्या लेखाचा आधीचा खर्डा, वगळलेला परिच्छेद, बदललेलं शीर्षक तुमच्या हातातल्या फ्लॉपीवर असू शकतं, आणि कॉपी करताना तुम्ही ते मागे सोडता. म्हणून संपूर्ण डिस्कची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, एक प्रतिमा घ्यायची. यूएसबी ड्राइव्हनेही हे जमतं. लिनक्सवर डीडीरेस्क्यूसारखं साधन वापरलंत, तर कुठले सेक्टर मिळाले आणि कुठले नाही याचा नकाशाही वेगळा राहतो.

नकाशा का हवा? कारण न मिळालेल्या सेक्टरच्या जागी प्रतिमेत सहसा शून्यं असतात. उद्या तुमच्या गाइडनी विचारलं, ‘ही जागा मूळचीच रिकामी होती की वाचता आली नाही?’ तर नकाशाशिवाय तुमच्याकडे उत्तर नाही.

पुसलेल्या फाइलींबद्दल एक इशारा इथेच देते. ज्याने डबा दिला, त्याने पुसलेल्या गोष्टी द्यायचं कबूल केलं आहे का, हे विचारल्याशिवाय त्या वापरू नका. पतसंस्थेच्या फ्लॉपीवर कुणाचं तरी थकलेलं कर्ज असतं, डॉक्टरच्या फ्लॉपीवर कुणाचा तरी आजार. तांत्रिकदृष्ट्या मिळालं म्हणजे वापरण्याचा हक्क मिळाला असं होत नाही.

पाठभेद जपणारा ड्राइव्ह

आता दुसरा मार्ग. यात जुन्या डेस्कटॉप संगणकातला ३४ पिनचा साधा ड्राइव्ह घ्यायचा आणि त्याला ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखा एक छोटा बोर्ड जोडायचा. बोर्ड यूएसबीने संगणकाला लागतो. हा बोर्ड सेक्टर मागत नाही. चुंबकीय दिशा उलटते त्या दोन क्षणांमधलं अंतर तो मोजत जातो, मायक्रोसेकंदाच्या अंशांत, आणि एका ट्रॅकच्या दोन-तीन-पाच फेऱ्या जशाच्या तशा नोंदवतो. त्यातून बाइट काढायचं काम नंतर सॉफ्टवेअर करतं, डिस्क बाजूला ठेवल्यावर.

मराठी किंवा संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हे चटकन कळेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिचं पान आठवा: वर स्वीकारलेली संहिता, खाली पाठभेद. संपादकाचा निर्णय तुम्हाला पटला नाही, तर खालच्या पाठभेदांवरून तुम्ही वेगळा निर्णय घेऊ शकता. यूएसबी ड्राइव्ह तुम्हाला फक्त वरची संहिता देतो. नाहीतर ‘संहिता उपलब्ध नाही’ म्हणतो. फ्लक्स वाचणारा बोर्ड पाठभेद जपतो. एका फेरीत तपासणी-संख्या जुळली नाही, दुसऱ्या फेरीत जुळली, तर दुसरी घेता येते. आज जुळली नाही, तरी पाच वर्षांनी अधिक चांगलं सॉफ्टवेअर आलं तर तीच नोंद पुन्हा सोडवता येते. डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही.

तुलना फार ताणू नका मात्र. पाच फेऱ्या म्हणजे पाच पोथ्या नव्हेत, एकाच पोथीचं पाच वेळा केलेलं वाचन आहे. थरच निघून गेला असेल तर पन्नास फेऱ्यांनीही काही येत नाही.

याचं जगातलं गाजलेलं उदाहरण अँडी वॉरहॉल यांचं. त्यांनी १९८५मध्ये अमिगा संगणकावर काही चित्रं काढली होती. फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात होत्या, पण अमिगाची ट्रॅक लिहिण्याची पद्धत साध्या पीसीच्या कंट्रोलरला समजत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने क्रायोफ्लक्स वापरून त्या वाचल्या, आणि २०१४मध्ये ती चित्रं जाहीर झाली. त्यातल्या काही फाइलींचा प्रकारही अनोळखी होता, तो वेगळा उलगडावा लागला. ‘ड्राइव्हमध्ये घातली आणि उघडली नाही’ इथे कुणी थांबलं असतं, तर त्या डिस्क निकामी म्हणूनच नोंदल्या गेल्या असत्या.

सव्वापाच इंचीचा पेच

सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी ‘ज्या ड्राइव्हवर लिहिली त्याच जातीचा ड्राइव्ह घ्या’ असं ऐकू येतं. ऐकायला तर्कशुद्ध आहे. तपासून बघू.

दोन जाती होत्या. ३६० केबीचा ड्राइव्ह ४० ट्रॅक लिहितो, मिनिटाला ३०० फेऱ्यांनी. १.२ एमबीचा ड्राइव्ह, जो १९८४च्या आयबीएम पीसी-एटीबरोबर आला, तो ८० ट्रॅक लिहितो, मिनिटाला ३६० फेऱ्यांनी. तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रॅक बसवायचे म्हणून त्याचं हेड जवळपास निम्म्या रुंदीचं असतं. १.२ एमबीचा ड्राइव्ह एक ट्रॅक सोडून एक असं चालवला, तर ३६० केबीची डिस्कही वाचतो.

पेच असा. ऑफिसात १९८८ साली ३६० केबीच्या ड्राइव्हवर भरलेली फ्लॉपी १९९२ साली नव्या एटी संगणकावर दुरुस्त केली. नव्या अरुंद हेडने जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध अरुंद पट्टा लिहिला. कडेला जुनं अजून शिल्लक. आता तुम्ही ‘मूळ जातीचा’ म्हणून ३६०चा रुंद हेडवाला ड्राइव्ह लावला, तर तो नवं आणि जुनं एकत्र ऐकतो आणि गोंधळतो. अरुंद हेड मधलं नवं तेवढंच स्वच्छ ऐकतं. म्हणून एकच सव्वापाच इंची ड्राइव्ह घेणं परवडत असेल, तर १.२ एमबीचा घ्या. टीॲकचा एफडी-५५जीएफआर हा त्यातला नावाजलेला. उलट फक्त ३६०वरच लिहिलेल्या अशक्त डिस्कला रुंद हेडमुळे जोरकस सिग्नल मिळू शकतो. तेव्हा ३६०चा ड्राइव्ह दुसरा म्हणून जवळ असलेला बरा.

मूळ ड्राइव्हच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. एखाद्या ड्राइव्हचं हेड जागेवरून किंचित सरकलेलं असेल, तर त्यावर लिहिलेल्या सगळ्या फ्लॉपी तितक्याच सरकलेल्या असतात. त्या इतर ड्राइव्हवर अडतात आणि त्याच एका ड्राइव्हवर सुरळीत चालतात. म्हणून फ्लॉपींचा डबा देणाऱ्याला हेही विचारा, ‘तेव्हाचा संगणक आहे का कुठे?’ असला तर कबाड्याकडे जाऊ देऊ नका. त्यातला ड्राइव्ह काढून ठेवा.

दुसऱ्या टोकाचीही चिकित्सा

यूएसबीवाल्यांवर टीका केली म्हणून फ्लक्सवाल्यांचं सगळंच मान्य करायचं नाही. त्यांच्यातले काही जण म्हणतात की फ्लक्स नसेल तर ते जतनच नाही. प्रत्येक डिस्कची नोंद अनेक मेगाबाइट होते. वेळही जातो. ३०० फेऱ्यांच्या वेगाने १६० ट्रॅक फक्त एकेकदा वाचायलाच अर्धं मिनिट लागतं, आणि तीन फेऱ्या नोंदवायच्या तर दीड-दोन मिनिटं. चारशे फ्लॉपींचा डबा असेल तर हिशेब करा. त्यातल्या दोनशे जर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या निघाल्या, तर त्यांच्यावर घालवलेले दिवस तुमच्या फेलोशिपमधून जातात.

शिवाय चांगला बोर्ड वाईट ड्राइव्हला चांगला करत नाही. घाणेरडं हेड, ढिला पट्टा, सरकलेली जागा यांची नोंदही तो तितक्याच प्रामाणिकपणे करतो. लोक बोर्डाची चर्चा तासन्‌तास करतात आणि ड्राइव्ह मिळेल तो लावतात. हे मला उलटं वाटतं.

माझ्या मते विद्यार्थ्याने असं ठरवावं. साडेतीन इंची, डॉसच्या, दिसायला स्वच्छ डिस्क असतील तर यूएसबी ड्राइव्हने संपूर्ण प्रतिमा घ्या. सगळे सेक्टर आले तर काम झालं. एकही सेक्टर अडला तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. ती डिस्क बाजूला काढा आणि फ्लक्ससाठी ठेवा. सव्वापाच इंची, जुन्या मॅकच्या, अमिगाच्या आणि ज्यांच्यावर तुमच्या प्रबंधाचं एखादं प्रकरण उभं आहे अशा डिस्क, या थेट फ्लक्सनेच वाचा. वारंवार वाचल्याने कमकुवत थर घासला जातो, म्हणून पहिलं वाचन सगळ्यात चांगल्या साधनाने, हा साधा नियम.

ड्राइव्ह हातात आल्यावर

नवे ड्राइव्ह आता बनत नाहीत असंच धरून चाला. सोनीने तर जपानमध्ये फ्लॉपी विकणंच मार्च २०११मध्ये थांबवलं. आपल्याकडे अ‍ॅमकेटच्या फ्लॉपी घरोघरी होत्या. पुढे सीडीसाठी ओळखली गेलेली मोझर बेअरही आधी फ्लॉपी बनवत होती. आता सगळं जुन्या मालातच शोधायचं. साडेतीन इंचीत टीॲक एफडी-२३५एचएफ किंवा सोनी एमपीएफ-९२० अशी नावं बघा. घेताना मागची पिनांची रांग मोजा: डेस्कटॉपचा ३४ पिनचा हवा. लॅपटॉपमधल्या पातळ ड्राइव्हची २६ पिनची पट्टी या बोर्डांना थेट बसत नाही. सव्वापाच इंचीला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात, म्हणजे जुन्या संगणकाचा पॉवर सप्लायही सोबत घ्या.

मौल्यवान डिस्क घालण्याआधी तीन गोष्टी करा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने हळुवार पुसा. फेऱ्यांचा वेग मोजा. ग्रीसवीझलमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञाच आहे. ३००च्या ड्राइव्हची एक फेरी २०० मिलिसेकंदांची, ३६०च्या ड्राइव्हची साधारण १६७ मिलिसेकंदांची यायला हवी. मग गेली तरी चालेल अशी एखादी डिस्क घालून वाचा, बाहेर काढा, आणि चकतीवर गोल ओरखडा उठला का ते उजेडात बघा. ओरखडा असेल तर तो ड्राइव्ह कितीही नावाजलेला असो, वापरू नका.

डिस्कसुद्धा आधी बघायच्या. साडेतीन इंचीचं धातूचं झाकण सरकवून चकती हाताने फिरवा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. तशी डिस्क घातली, तर हेड बुरशी खरवडतं, थरही खरवडतं, आणि पुढच्या डिस्कला ती देतं. एका डिस्कने डबा नासू शकतो.

आणि आपल्या भागाची एक खास गोष्ट. नागपूरकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून आपण कूलर लावतो. कूलर हवेत पाणी सोडतो. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर भाजलेल्या फ्लॉपी खाली आणून थेट कूलरच्या खोलीत उघडू नका. कूलर बंद असलेल्या, कोरड्या खोलीत त्या दिवसभर राहू द्या आणि पहाटे काम करा. कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत कूलरचा उल्लेख नसतो, तेव्हा हे आपणच लक्षात ठेवायचं.

बाइट आले, मराठी कुठे आहे?

समजा सगळं जमलं. फाइल उघडली, आणि समोर इंग्रजी अक्षरं, उच्चारचिन्हं, कंसांची खिचडी. घाबरू नका, फाइल खराब झालेली नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी दोन प्रकारे साठवली जाई. एक, सी-डॅकच्या जिस्ट परंपरेतली इस्की संकेतप्रणाली, जी १९९१मध्ये भारतीय मानक झाली. दुसरी, श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांची आपापली मांडणी, जिच्यात प्रत्येक बाइट म्हणजे एक आकार. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण कुठला फॉन्ट होता हे कळायला हवं. म्हणून फ्लॉपीवरचं लेबल, सोबतच्या फॉन्टच्या फ्लॉपी, त्या काळचा एखादा छापील कागद, हे सगळं ड्राइव्हइतकंच महत्त्वाचं आहे.

आता मागच्या मुद्द्याशी हे जोडून बघा. इंग्रजी मजकुरात एक अक्षर बिघडलं तर वाचताना खटकतं. फॉन्टच्या मांडणीतल्या खिचडीत एक बाइट बिघडला, तर डोळ्याला काहीच कळत नाही. रूपांतर झाल्यावर एखादी मात्रा गेलेली असेल किंवा आकडा बदललेला असेल. एक अख्खा सेक्टर गेला, तर एक लहान परिच्छेद गेला, आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं वाक्य जुळल्यासारखं दिसू शकतं. त्रुटी कुठे होती हे सांगणारं साधन मराठी मजकुराला म्हणून जास्तच गरजेचं आहे.

तारखांचंही असंच. फाइलीवर १ जानेवारी १९८० दिसली, तर आनंदाने ‘सर्वात जुना दस्तऐवज’ असं लिहू नका. संगणकाची आतली बॅटरी संपली, की डॉसचं घड्याळ तिथून सुरू होत असे.

प्रबंधात काय लिहायचं

‘माहिती फ्लॉपीवरून घेतली’ एवढं एक वाक्य पद्धतीच्या प्रकरणात पुरेसं नाही. पोथी वापरली तर आपण ग्रंथालय, क्रमांक, पानं, स्थिती लिहितो. इथेही तेच. प्रत्येक डिस्कसाठी एवढं लिहून ठेवा:

डिस्कचा आकार, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, दोन्ही बाजूंचे फोटो. लिहिण्याचा बचाव होता की तुम्ही केला. ड्राइव्हचं नाव आणि मॉडेल, बोर्ड, सॉफ्टवेअरची आवृत्ती. वाचल्याची तारीख, किती फेऱ्या. एकूण किती सेक्टर, किती आले, कुठले आले नाहीत. प्रतिमेची एसएचए-२५६ खूण, म्हणजे पुढे कुणी ती बदलली तर कळेल. मूळ फॉन्ट किंवा संकेतप्रणाली, आणि रूपांतर कशाने केलं.

डिस्कमागे पाच मिनिटांचं काम आहे. पण व्हायव्हाच्या दिवशी कुणी विचारलं, ‘हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला?’, तर तुमच्या पाठीशी हीच नोंद असते.

आणि एक वहीत लिहिता न येणारी गोष्ट. ज्यांनी डबा दिला, त्यांना पुष्कळदा स्वतःलाही त्यात काय आहे ते आठवत नसतं. वाचून झालं की प्रतिमांची एक प्रत त्यांना द्या, मराठी युनिकोडमध्ये आणलेल्या फाइलींसकट, आणि कुठली डिस्क वाचता आली नाही तेही सांगा. ‘खराब आहे’ असं न म्हणता ‘या ड्राइव्हवर वाचता आली नाही’ असं सांगा आणि डिस्क परत करा. खराब म्हटलं की ती उद्याच कचऱ्यात जाईल. वाचता आली नाही म्हटलं, तर कदाचित ती तुमच्यानंतर येणाऱ्या कुणासाठी तरी डब्यात राहील.